नारळाला हात न लावणारा माणूस

काही प्रकरणे बदलीच्या वेळी मागे राहतात, काही निवृत्तीच्या दिवशी. हे प्रकरण मात्र माझ्याबरोबर घरी आले आणि अजून इथेच आहे. "लिहून ठेव ते," असे माझा एक मित्र मला कितीतरी वर्षे सांगत होता. मी टाळत राहिलो. गेल्या श्रावणात तो गेला. आता लिहितो आहे, तर वाचून चुका काढायला तोच नाही.

हा मित्र फौजदारी वकील होता आणि या प्रकरणात तो आरोपीच्या बाजूने उभा होता. आमची ओळखच त्यातून झाली. नावे कोणाचीच लिहीत नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनी ती मनातच ठेवावी.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता त्या वर्षांतली गोष्ट. मी पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो, म्हणजे लोकांच्या भाषेत फौजदार. आमच्या हद्दीत घाटकोपरच्या डोंगराला टेकून बसलेल्या चाळी होत्या. त्यातल्या एका चाळीत तळकोकणातल्या एकाच गावची माणसे राहत. त्यांचे ग्रामस्थ मंडळ होते, मंडळाची एक खोली होती. गावाहून नोकरीला आलेला मुलगा आधी त्या खोलीत उतरायचा, मग पुढचे. त्या वर्षी ग्रामदेवाचा चांदीचा मुखवटा उजळून घ्यायला मुंबईला आणला होता. काम झाले होते. शिमग्याला तो गावी न्यायचा, पालखीत बसवायचा, तोवर मंडळाच्या खोलीत पाटावर ठेवून रोज पूजा चालली होती.

एका सकाळी खोली उघडली तर पाट रिकामा. कुलूप शाबूत होते.

किल्ली शेजारच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या माणसाकडे असायची. चाळिशीचा, पूर्वी गिरणीत कामाला होता, संपानंतर विक्रोळीच्या एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागलेला. मंडळाने आधी पोलिसांकडे न येता आपल्या पद्धतीने शोध घेतला. देवाच्या तसबिरीपुढे नारळ ठेवला, गाऱ्हाणे घातले आणि एकेका पुरुषाला पुढे बोलावले. नारळाला हात लावायचा आणि सांगायचे की देवाला मी चोरले नाही. खोटे बोलणाऱ्याला देव बघून घेईल. सगळ्यांनी हात लावला. हा माणूस पुढे झाला नाही. "मी चोरी करूक नाय," एवढेच बोलला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. कारण विचारले तर तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष आमच्याकडे आले. सरळ माणूस, डोळ्यांत झोप नव्हती.

"साहेब, चोर मिळालेलो आसा. फक्त मुखवटो काढून घेवा."

"पुरावा काय?"

"नारळाक हात लावूक नाय त्येना. आणखी काय व्हया?"

फिर्याद नोंदवून घेतली. दुपारी त्या माणसाला ठाण्यात आणले. दाढी वाढलेली, नजर खाली, चहा दिला तर घेतला नाही, पाणी तेवढे प्यायला. आमचे एक जुने हवालदार त्याला नुसते बघूनच म्हणाले, "साहेब, हाच. मन खातंय त्याला." अनुभवी माणूस होता तो. मलाही तसेच वाटले.

इथे ठाण्याच्या एका रीतीबद्दल सांगायला हवे. कायद्याप्रमाणे अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. राज्यघटनेतच ते लिहिलेले आहे. यावर ठाण्यांनी शोधलेला उपाय म्हणजे बाक. माणसाला आणायचे आणि बाकावर बसवायचे. अटक दाखवायची नाही. तो चौकशीला आलेला आहे, स्वतःच्या पायांनी आलेला आहे, असे समजायचे. डायरीत त्याचे नाव नाही, म्हणजे चोवीस तास सुरूच झालेले नाहीत. बाकावर माणूस चार-चार दिवस बसे आणि त्या काळात तो बोलता होई. कसा बोलता होई हे वाचकांना मी सांगायला नको.

"बसव त्याला," आमचे मोठे साहेब म्हणाले. "घाई नाही. गप्प बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी पोपटासारखा बोलतो."

त्या माणसाच्या बाबतीत काय होणार होते हे उघड होते. आज ना उद्या त्याच्याकडून कबुली काढली जाणार. ती कबुली कोर्टात चालली नसती, पोलिसांपुढची कबुली चालतच नाही. पण चाळीत ती पुरेशी होती. गाव त्याला वाळीत टाकणार, नोकरी जाणार. आणि त्याच्या मोठ्या मुलीचे लग्न गावातल्याच घरात ठरलेले होते, शिमग्यानंतरचा मुहूर्त होता. हे सगळे अध्यक्षांनीच मला सांगितले होते, हळहळत.

संध्याकाळच्या आत त्याची बायको वकील घेऊन आली. संपाच्या काळात गिरणी कामगारांच्या जामिनाची कामे फुकट करणारा एक पार्ल्याचा तरुण वकील आहे, हे तिला ठाऊक होते. ती थेट त्याच्या घरी गेली होती. वकील माझ्याच वयाचा, सडपातळ, कोटाची एक बाही शाईने डागळलेली. मी ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी बसलो होतो.

"माझ्या अशिलाला अटक केलीय का, फौजदार?"

"नाही. चौकशीला बोलावलंय."

"म्हणजे अटक नाही."

"नाही म्हटलं ना."

"उत्तम." तो बाकाकडे वळला. "उठा हो. चला, घरी जाऊ. बाई, तुम्हीही चला."

तो माणूस गोंधळून उभा राहिला. वकिलाने त्याचा दंड धरला आणि दोघे दाराकडे निघाले. आमचे हवालदार पुढे होऊन दारात आडवे झाले.

"ओ वकील, कुठं निघालात? बसा खाली."

"तुम्ही यांना जाऊ देत नाही?"

"नाही देत. काय करणार?"

वकील माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही, उलट थोडा खाली आला. "फौजदार, या गृहस्थांना जायचंय आणि तुमचा माणूस त्यांना जाऊ देत नाही. याला तुमच्याकडे काय म्हणतात मला माहीत नाही. कायद्यात अटक म्हणतात. आत्ताची वेळ डायरीत लिहा."

ठाण्यात दोन-चार तक्रारदार होते, ते बघत राहिले. हवालदार माझ्याकडे बघत होते. मी राज्यघटना पुस्तकात वाचलेली होती, परीक्षेपुरती नाही, आवडीने वाचलेली होती. पण ती अशी दारात उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. मी डायरी ओढली आणि अटकेची नोंद केली. कारण लिहिले, वेळ लिहिली, बायकोला कळवल्याचे लिहिले.

मोठ्या साहेबांनी मला आत बोलावले. "तुला अक्षर सुधारायची हौस आली का रे? लिहीत सुटलास ते?"

"सर, त्याने साक्षीदारांसमोर..."

"साक्षीदार! गाभण म्हशीची तक्रार घेऊन आलेला भैया तुझा साक्षीदार." मग म्हणाले, "लिहिलंस ना? आता उद्या कोर्टात काय सांगणार ते बघ. मी येणार नाही." रागीट माणूस होता, पण लिहिलेली नोंद त्याने खोडायला सांगितली नाही. हे त्याच्या बाजूने नमूद करतो.

त्या संध्याकाळी मी चौकशीला बसलो. वकिलाने आणखी एक मागणी केली. आरोपीला दिसेल अशा जागी आपण बसणार, म्हणाला, ऐकू नाही आले तरी चालेल. मी त्याला खोलीबाहेर स्टूल दिले. तो दारातून दिसेल असा बसला आणि पेपर वाचू लागला. हवालदार पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "वकील आहे का जावई? उठायचं नावच घेत नाय. आता चहा मागेल, मग जेवण, मग गादी."

मी त्या माणसाला सगळे विचारले. किल्ली कोणाकोणाला दिली होतीस? आदल्या संध्याकाळी आरतीला कोण होते? त्याची उत्तरे सरळ आली. आरतीला चाळ लोटली होती, खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, नंतर त्याने कुलूप लावले, पाटाकडे बघितले नाही. मग मी नारळाचे विचारले.

"हात का लावला नाहीस?"

गप्प.

"चोरी केली नाहीस म्हणतोस. मग देवाला घाबरायचं कारण?"

"साहेबानू, चोरी करूक नाय. नारळाचा माका काय्येक बोलूचा नाय."

"अरे, तुझ्या गळ्याशी आलंय. एक वाक्य बोल, मी ते लिहितो."

त्याने दाराकडे पाहिले. वकिलाने पेपर खाली केला नव्हता, पण पानही उलटले नव्हते. तो माणूस माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "वकीलसाहेबांनी सांगितला, नको आसात तर बोला नको. तसा चलता काय?"

मला कबूल करावे लागले की चालते. स्वतःविरुद्ध बोलायला कोणावर जबरदस्ती करता येत नाही. तो मान हलवून खाली बघत बसला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचे दिसले आणि मला राग आला. एवढे सोपे असते का, असे वाटले. गप्प बसणे हे उत्तरच आहे, अशी माझी तेव्हा खात्री होती.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मी पोलीस कोठडी मागितली. दंडाधिकारी वयस्कर होते, कागद चाळत म्हणाले, "नारळाशिवाय काय आहे?"

"किल्ली आरोपीच्या ताब्यात असायची, साहेब."

"किल्ली रोजच असायची. मी नारळाशिवाय म्हटलं."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसले. माझा मित्र, तेव्हा तो मित्र नव्हता, हसला नाही. उभा राहून एवढेच म्हणाला की माझा अशील गप्प आहे आणि सरकारपक्ष त्या गप्प बसण्याला पुरावा म्हणतो आहे. कोठडी नाकारली गेली, जामीन मिळाला. बाहेर आल्यावर अध्यक्ष माझ्यावर उखडले. "आमचो देव गेलो नि तुमी चोराक घराक धाडलात!"

मला आता खराखुरा तपास करणे भाग होते. हे मी उपहासाने लिहीत नाही. माणूस बाकावर असता तर मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो असतो. तो घरी गेला म्हणून मी चाळीत गेलो.

पुरुषांचे जबाब पुन्हा एकेकटे घेतले. सगळ्यांचे जबाब एकाच साच्यातले, कारण सगळ्यांनी एकमेकांशी बोलून झालेले होते. मग लक्षात आले की बायकांना कोणी काही विचारलेलेच नाही. नारळाला हात लावायलाही त्यांना बोलावले नव्हते. दुपारी पुरुष कामावर गेल्यावर मी महिला शिपायाला घेऊन गेलो. नळापाशी भांडी घासत बसलेल्या एका बाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "आत्ता आठवलो आम्ही? आमच्या घरचा देव नाय काय तो?"

"चुकलं, ताई. आता सांगा."

"सांगायचं काय? चोराचं मला नाय माहीत. पण वरच्या माळ्यावरच्या आजोबांच्या घरी काय चाललंय ते विचारा. त्यांची म्हातारी रोज दोन टायमाला ताट वाढते नि तांदळाच्या पिंपासमोर ठेवते. धूप काय, फुलं काय! मी म्हटलं, आजी, पिंपाला कसला नैवेद्य? तर म्हणते, अन्नपूर्णा आहे. इतकी वर्षं राहतोय आम्ही, कधी बघितली नव्हती अन्नपूर्णा पिंपात."

बाजूच्या बायका फिस्सकन हसल्या. मी पंच बोलावले.

आजोबा पालखीच्या मानकऱ्यांपैकी होते. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा ते जेवत होते. पिंपाकडे बघितले, मग ताट बाजूला सरकवले. तांदळात हात घालून त्यांनी स्वतःच मुखवटा काढला, पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेला. गावात दोन वाड्यांचा वाद होता, पालखी आधी कोणाच्या अंगणात थांबायची यावरून. मंडळ दुसऱ्या वाडीच्या हातात होते. देव आपल्याकडे असला की मान आपल्याला द्यावाच लागेल, असे आजोबांनी ठरवले होते. आरतीच्या गर्दीत मुखवटा घोंगडीखाली घेतला आणि वर नेला.

"तुम्ही नारळाला हात लावला होता ना, आजोबा?"

"लावलंय. देवाक मी चोरूक नाय. घराक हाडलंय." घरी आणला म्हणजे चोरला नव्हे, हा त्यांचा हिशेब.

"मग पिंपासमोर ताट कशाला मांडलं? त्यानंच पकडले गेलात."

ते माझ्याकडे असे बघू लागले की मीच वेडा आहे. "देव घरात आसताना उपाशी ठेवतलंय काय?"

पहिल्या माणसावरचा गुन्हा मागे घेण्यासाठी मी अहवाल पाठवला. आजोबांवर रीतसर खटला झाला, आणि त्यांचे वकीलपत्र घेतले त्याच पार्ल्याच्या वकिलाने, पहिल्या अशिलाला विचारून. तो म्हणाला म्हणे, "घेवा. म्हातारो माणूस आसा." उलटतपासणीत वकिलाने मला सोलून काढले. बाहेर आल्यावर कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला आणि विचारले, "पंचनाम्यात तांदळाचा रंग का लिहिलात हो, फौजदार?" मी म्हणालो, "डोळ्यांनी दिसलं ते लिहिलं." तो एवढा हसला की चहा सांडला. आजोबा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटले. मुखवटा शिमग्याआधी गावी पोहोचला. मुलीचे लग्नही ठरल्याप्रमाणे झाले, अध्यक्षच पत्रिका घेऊन ठाण्यात आले होते.

पण एक प्रश्न राहिला होता. तो माणूस गप्प का बसला? निर्दोष होता, देवभोळा होता, मग नारळाला हात लावून मोकळा का झाला नाही? मी वकिलाला त्या पहिल्या चहालाच विचारले.

"तुम्हांला माहीत आहे ना?"

"आहे."

"मग सांगा की. प्रकरण संपलं."

"तुमचं संपलं. त्याचं नाही."

पुढे तुम्हीचे तू झाले. माझ्या बदल्या मुलुंड, बोरिवली, अंधेरी अशा होत राहिल्या, पण रविवारची सकाळ पार्ल्यात त्याच्या गॅलरीत जाऊ लागली. तो माझी पुस्तके न्यायचा आणि परत देताना समासात पेन्सिलीने माझ्याशी भांडलेला असायचा. मी कुठल्याशा परिच्छेदाखाली रेघ मारलेली असली तर तिच्या शेजारी लिहायचा, "पोलिसाला हेच आवडणार." आमच्या बायका म्हणायच्या, यांना घटस्फोट मिळायला हवा. मी सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झालो तरी तो मला फौजदारच म्हणत राहिला. वर्षातून एकदा तरी मी तो प्रश्न काढायचो, कधी चिडून, कधी लाडीगोडीने. तो पोह्यांची बशी पुढे सरकवायचा आणि विषय बदलायचा.

गेल्या श्रावणात त्याच्या तेराव्याला गेलो होतो. गॅलरीत त्याची खुर्ची होती, तिच्यावर कोणी बसत नव्हते. मी तिथेच उभा होतो. एक वयस्कर गृहस्थ मुलीचा हात धरून आले, फोटोला नमस्कार केला आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "फौजदार ना?" मला ओळखायला वेळ लागला. नारळाला हात न लावणारे तेच, आता ऐंशीच्या घरात होते.

आम्ही खूप वेळ बसलो. मी होऊन तो विषय काढला नसता. ते आपणहून बोलू लागले.

त्यांना एक धाकटा भाऊ होता, मानखुर्दला राहायचा. त्याने बौद्ध घरातल्या मुलीशी लग्न केले होते. गावाने त्याला वाळीत टाकले होते. त्याच्या उंबऱ्याला कोणी जायचे नाही, त्याचे नाव काढायचे नाही. मुखवटा नाहीसा झाला त्याच्या काही दिवस आधी तो भाऊ तापाने गेला. हे गृहस्थ कोणाला न सांगता मानखुर्दला गेले, खांदा दिला आणि घरी येऊन मनातल्या मनात सुतक पाळू लागले.

"सुतकात देवाच्या नारळाक हात कसो लावतलंय?" ते म्हणाले. "नि लावूक नाय, तर कोणाचा सुतक म्हणान इचारतले. भावाचा म्हणान सांगितलंय तर चेडवाचा लगीन मोडतला. तेव्हा गप रवलंय."

ती वाढलेली दाढी, तो न घेतलेला चहा. आम्ही ज्याला अपराधी मन समजलो तो भावाच्या दुःखात बसलेला माणूस होता. मी गेल्या काही दिवसांत आरशात तसाच चेहरा बघत होतो.

शेजारी त्यांची मुलगी बसली होती, जिचे लग्न मोडायची भीती होती तीच, आता तिची मुले मोठी झालेली. ती म्हणाली, "बाबांनी मलाही सांगितलं ते काकूला घरी आणल्यावरच. त्याला पण झाली आता बरीच वर्षं."

"काकू कोण?" मी विचारले.

"काकाची बायको. आमच्याकडेच असते. बाबा म्हणाले, आता कोण मोडतंय लगीन ते बघू."

ते गृहस्थ जरा हसले. मग माझ्याकडे वळून आश्चर्याने म्हणाले, "माका वाटला तुमका ठावक आसतला. तुमी येवढे दोस्त. वकिलांनी कधी सांगूक नाय?"

"नाही."

"येकदा पण नाय?"

"नाही."

त्यांनी फोटोकडे बघून हात जोडले.

या प्रकरणाने मला काय शिकवले ते थोडक्यात लिहितो, कारण अशा लेखाच्या शेवटी वाचक ते मागतात. आरोपीला गप्प राहण्याचा हक्क देताना घटनेने त्याला कारण विचारलेले नाही. मला हे अनेक वर्षे कायद्यातली पळवाट वाटत असे. पण कारण सांगावे लागले असते तर तो हक्क त्या माणसाच्या काहीच उपयोगाचा नव्हता. त्याने कारण सांगितले असते त्या क्षणी त्याचे घर मोडले असते, आणि आम्ही ते प्रामाणिकपणे जबाबात लिहून घेतले असते. तरुण अधिकाऱ्यांना व्याख्यान देताना मी आता एवढेच सांगतो की समोरचा बोलत नसेल तर उठा आणि चाळीत जा. ते वहीत लिहून घेतात.

एवढे शिकायला माझी सगळी नोकरी गेली आणि वर ही वर्षे. मित्राला हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. इतक्या रविवारी तो माझ्यासमोर बसला, मी हरलो, चिडलो, हात जोडले, आणि त्याने एका शब्दाने मला सांगितले नाही. मला त्याच्याशी कडकडून भांडायचे आहे. मला, मला सुद्धा सांगितलं नाहीस? तो काय म्हणेल ते मला नक्की माहीत आहे. अशिलाला दिलेला शब्द म्हणजे शब्द, फौजदार, तू पोलीस असलास काय नि मित्र असलास काय. उत्तर माहीत आहे, पटलेलेही आहे. फक्त ते त्याच्या तोंडून ऐकायचे होते.